हरिचंद्रचा बर्फ

माझा मुलगा हरिचंद्र बदलापूर गावात मासळी विकायचा. बर्फावर त्याचा देवापेक्षा जास्त भरवसा. पाय मुरगळला तरी बर्फ, बायको रुसली तरी म्हणायचा, "थोडा डोक्यावर ठेव." बर्फात मूठभर मीठ टाकलं की तो आणखी कडक गार होतो, हे त्याला बापाने शिकवलेलं.

त्याची लेक नूतन अंबरनाथच्या औषध कंपनीत लागली. काय करतेस विचारलं तर म्हणाली, "आजी, चरबी स्पिरिटात विरघळवायची. एका नळीतून ती, दुसरीतून पाणी. दोन्ही धारा बारीक वाटेत जोरात भिडवल्या की डोळ्यांना न दिसणाऱ्या पुड्या होतात. औषध त्यांच्या पोटात."

"करंज्याच की गं."

"हो, सारण वाटेत सांडलं नाही पाहिजे."

"न दिसणाऱ्या करंज्या. पगार तरी दिसतो ना?"

मग हरिचंद्रलाच कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी लिहून दिलं तेही तसल्याच पुड्यांचं औषध, इस्पितळात सलाईनमधून द्यायचं. नूतन म्हणाली मी आणते, पण हा ऐकतोय कुठे. स्वतः उल्हासनगरला जाऊन घेऊन आला. दुकानदाराने बजावलं होतं, थंड ठेवा. याने मासळीच्या पेटीत, मीठ घातलेल्या बर्फात खोल पुरून ठेवलं. मला म्हणाला, "आय, पापलेटाची पण एवढी बडदास्त नाय ठेवली कधी."

सकाळी नूतनने बाटली काढली तर आत दगड. चुलीपाशी येऊन हळूच म्हणाली, "आजी, गोठलं की पुड्या फुटतात. मोकळं औषध अंगात गेलं तर काळजाला धोका. हे आता द्यायचं नाही."

खाटेवरून हरिचंद्रने हाक मारली, "काय झालं गं?"

"कंपनीचाच माल खराब निघाला, बाबा. दुसरा मागवते."

"बघ. शिकलेल्यांना माल राखता येत नाय. माझ्याकडे पाठव त्यांना, बर्फ लावायला शिकवतो."

"सांगते हां, बाबा."

दुसरी बाटली यायच्या आत त्याला ताप भरला, तो उतरलाच नाही.

नूतनचा भाऊ दिपेश अग्नी द्यायला दुबईहून यायचा होता, म्हणून हरिचंद्रला बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं. बाजारातल्या माणसांनीच बर्फ आणला, पैसे घेतले नाहीत. त्यांच्यातल्या शिवरामने सवयीने मिठाची मूठ भरली.

नूतनने त्याचा हात धरला.

"मीठ नको, काका," ती म्हणाली. "बाबा गोठतील."