धक्क्याविना विजापूर

जुनी गाडी घेऊन लांब पल्ल्याला निघावे की निघू नये, असे विचारणारे वाचक या ब्लॉगवर नेहमी भेटतात. तात्त्विक उत्तर देण्याऐवजी सत्तरच्या दशकातला एक प्रवास जसा घडला तसा सांगतो. सोलापूर ते विजापूर आणि परत, दोन्ही मिळून सुमारे दोनशे किलोमीटर. वाहन वीस वर्षांची, इंग्रजी बनावटीची, उघडी, दोन आसनी स्पोर्ट्स कार. अट एकच: तिला कोणीही धक्का मारायचा नाही.

अट माझी पत्नी मालती हिची होती, आणि ती अन्यायाची नव्हती. मी तेव्हा तंत्रशाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असे. एका गिरणीतले विलायती विणाईमास्तर मायदेशी परतले, तेव्हा त्यांची ही हिरवी गाडी चिंचेखाली उभी राहिली आणि तिथून माझ्याकडे आली. चाके तारांच्या आऱ्यांची, बॉनेट बाकीच्या गाडीहून लांब, आणि उंची इतकी कमी की चौकात टांग्याचा घोडा मान खाली घालून आत बघे. दोन वर्षांत आम्ही तिच्यातून सहा ठिकाणी गेलो आणि चार ठिकाणांहून ढकलत परत आलो. चौथ्या वेळी एका लग्नाची वरात समोर होती. मालतीच्या अंगावर इरकल लुगडे होते. तिने दोन्ही हातांनी गाडी ढकलली. बँडवाल्यांनी वाद्ये खाली ठेवून मदत केली.

त्यानंतर ती भंगारवाल्या बशीरभाईंशी बोलून आली. बशीरभाई गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "मास्तर, सोमवार कू आता मैं. दिल नक्को छोटा करो."

"विजापूरला दादाच्या मुलीचं बारसं आहे," मालती म्हणाली. "आत्या मी, नाव मला ठेवायचंय. म्हणून जाताना मी रेल्वेनंच जाणार. येताना मला या गाडीतून घरी आणा. वाटेत कुणी धक्का मारला नाही, तर गाडी राहील. मारला, तर सोमवारी बशीरभाई."

करार स्पष्ट असावा म्हणून मी धक्क्याची व्याख्या लिहून काढली: बाहेरून बल लावून घडवलेले गाडीचे विस्थापन. बल लावले पण गाडी हलली नाही, तर शास्त्रानुसार कार्य शून्य. तिने कागद शांतपणे वाचला.

"आणि हँडल मारणं?" मी विचारले. बॅटरी थकली की स्टार्टरच्या बटणाऐवजी गाडीच्या पुढून हँडल खुपसून इंजिन हाताने फिरवावे लागे.

"हँडल तुम्ही मारता. धक्का मी मारते. हँडल चालेल."

तयारीला चार दिवस मिळाले. मदतीला आमच्याच गल्लीतला मल्लेशम होता. तो यंत्रमागांचा फिटर. घरात तेलुगू, कामावर मराठी, आणि रुसलेल्या यंत्राशी दोन्ही. आम्ही काय केले ते सविस्तर सांगतो, कारण यातले बरेचसे आजही उपयोगी पडेल.

पहिले काम डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटचे. ते पोस्टकार्डाच्या तुकड्याने पुसले. त्यांच्यातली फट मोजायची पट्टी आमच्याकडे नव्हती. पण दाढीचे एक पाते साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचे असते, म्हणजे चार पाती एकावर एक ठेवली की हवी ती फट मिळते. पाती वापरलेली असली तरी चालतात. मापाला धार लागत नाही. दुसरे काम पेट्रोलच्या नळीचे. ती धुराड्याच्या तापलेल्या नळीला जवळजवळ टेकून जात होती. ती आम्ही वीतभर दूर नेली आणि गिरणीच्या बॉयलरच्या नळ्यांना गुंडाळतात त्या दोरीने गुंडाळली. तिसरे, बॉनेट वाऱ्याने उघडू नये म्हणून मागाचा जुना चामडी पट्टा आवळला. कार्बोरेटरच्या दट्ट्यात शिवणयंत्राचे तेल घातले. गियरबॉक्समधून तेलाचा एकेक थेंब गळत असे, तो मात्र तसाच ठेवला. गाडी उभी राहिली की थोड्याच वेळात खाली रुपयाएवढा काळा डाग पडे. मी त्याला दोष मानत नसे. गाडी नेमकी कुठे उभी होती, याची ती नोंद होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी एक अपघात झाला. मी चालकाच्या जागी, स्टार्टरच्या बटणावर अंगठा ठेवून बसलो होतो. उघड्या बॉनेटमागे मल्लेशम रेडिएटरवर नरसाळे धरून उभा होता आणि त्याची बायको लक्ष्मी घागरीने पाणी ओतत होती. पाणी काठाला आले तसा मल्लेशम म्हणाला, "चालु, चालु!"

मी चालू केली.

नरसाळे पंख्यात गेले, तिथून भिंतीवर, आणि भिंतीवरून शेजारी वाळत घातलेल्या सुताच्या लडींवर. कोणाला लागले नाही. धूळ बसल्यावर मल्लेशमने समजावले, "मास्तर, आमच्यात चालु म्हंजे पुरे."

म्हणजे तेलुगूत जो शब्द थांबवतो, तोच मराठीत सुरू करतो, आणि उच्चारात केसाचाही फरक नाही. अशा गल्लीत गाडी दुरुस्त करणाऱ्याने हे आधी ठरवून घ्यावे. आम्ही त्या शब्दावर बंदी घातली. थांबवण्यासाठी मल्लेशमने 'बस' सुचवला. पण 'बस' म्हटल्यावर लक्ष्मी खाली बसली, म्हणून तोही रद्द केला. शेवटी 'सुरू' आणि 'पुरे' हे दोन शब्द मंजूर झाले.

शनिवारी पहाटे मालतीला होटगीवरून जाणाऱ्या विजापूरच्या गाडीत बसवले आणि उजाडताच मी आणि मल्लेशम निघालो. मार्च संपत आला होता. सामान: पेट्रोलचा एक जादा डबा, कारण तेव्हा वाटेत पंपाचा भरवसा नसे, पाण्याच्या दोन कॅन, जुन्या चादरीचे फडके, भाकरी, शेंगाचटणी आणि हँडल. सडक डांबरी पण अरुंद होती. समोरून ट्रक आला की एक चाक मातीत उतरवावे लागे. आमची गाडी इतकी बुटकी की बैलगाडीचा कणा डोळ्यांसमोरून जाई. ज्वारीची काढणी होऊन रान मोकळे पडले होते. ताशी चाळीस मैलांच्या वेगाला इंजिनाचा सूर असा काही लागला, की अर्धा तास आम्ही दोघे तोच ऐकत राहिलो. जुनी गाडी का ठेवावी, याचे उत्तर मला विचाराल तर तो अर्धा तास आहे.

भीमेच्या अलीकडे टाकळीला चहासाठी थांबलो. चहा उत्तम होता. परत निघताना इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले.

कारण समजून घ्या. गाडी धावत असते तेव्हा वारा आणि पंखा इंजिनाला निववतात. ती थांबली की साठलेली उष्णता वर येते, बॉनेटखालच्या विजेच्या पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफच ढकलत बसतो. त्याची मंद टकटक एकदम जलद होते, ती ऐकून निदान करावे. उपाय सोपा आहे: पंपावर ओले फडके टाकावे आणि दहा मिनिटे काहीही करू नये.

काहीही न करणे हेच आपल्याकडे अवघड. आपल्या भागात गाडी बंद पडली की माणसे न बोलावता येतात, न विचारता हात लावतात आणि आभाराची वाट न बघता निघून जातात. क्षणात सातआठ जण मागे उभे राहिले.

"बसली व्हय गाडी? चला रं, लावा हात!"

"हात लावू नका!" मी ओरडलो.

सगळे थांबले. पुढचा पागोटेवाला म्हातारा दुखावला. "का ओ? आमचं हात मळकं हायती व्हय?"

मी त्यांना वाफेचा सिद्धांत समजावून सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि परत हात पुढे केले. मग मल्लेशम म्हणाला, "काका, मास्तरांच्या बायकोची अट हाय. धक्का मारला तर गाडी भंगारात."

"आसं सांगा की मग! बसा रं समदी खाली." म्हाताऱ्याने सर्वांना सडकेच्या कडेला ओळीने बसवले. "बायकोची अट म्हंजी लई वंगाळ." दहा मिनिटे ती सारी मंडळी गाडीकडे बघत बसली. मी हँडल मारले, इंजिन पेटले आणि टाळ्या पडल्या. "येताना हितनंच येनार न्हवं?" म्हाताऱ्याने विचारले. "आमी हाय."

पूल ओलांडला आणि पाट्या कानडी झाल्या. झळकीला एका हॉटेलवाल्याने "नूकूणेन री?" म्हणून गाडीला हात घातला. मल्लेशम घाईने म्हणाला, "बेड री, बेड!" हॉटेलवाला 'ढकलू का?' विचारत होता, मल्लेशम 'नको' म्हणत होता, आणि गाडी तर नुसती उभी होती. दहाच्या सुमारास गोलघुमट दिसला. माझा मेहुणा दारात आला, गाडीकडे बघितले आणि म्हणाला, "आली?" मग तिच्यामागे बघून, "आपली आपण?"

रविवारी सकाळी मालतीने बाळाच्या कानात नाव सांगितले. जेवणे झाली. मल्लेशम रेल्वेने निघाला आणि त्याच्या जागेवर मालती बसली. मांडीवर बारशाचा फिरकीचा तांब्या, पाण्याने भरलेला. ऊन उतरल्याशिवाय मी निघालो नाही; उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी हे पाळावेच.

दहा मैल गेल्यावर तिने बॉनेटकडे कान दिला. मग म्हणाली, "ती टकटक कसली?"

"पेट्रोलच्या पंपाची. जलद झाली की धोका."

झळकीच्या पुढे तिनेच सांगितले, "अहो, जलद झाली." मी उताराला गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडले, आणि तिने तांब्यातले पाणी फडक्यावर सोडले. टकटक मंदावली. हे तिने वाटेत तीनदा ओळखले, त्यातले दोनदा माझ्या आधी. टाकळीला ती माणसे खरोखरच सडकेच्या कडेला बसलेली होती. आम्ही न थांबता पुढे गेलो. "आवं, थांबा की वाईच!" म्हातारा हात हलवीत ओरडला.

"कोण हे?" मालतीने विचारले.

"ओळखीचे."

दिवस मावळायला सोलापुरात शिरलो. गल्लीच्या तोंडाशी सुताच्या गठ्ठ्यांची हातगाडी पुढे आली आणि तिच्या मागून पायी चालण्याच्या गतीने सरकावे लागले. अशा गतीला वारा नसतो. तांब्यात आणि कॅनमध्ये पाणी उरले नव्हते. घर पन्नास पावलांवर असताना, बरोबर मल्लेशमच्या दारासमोर, टकटक एकदम जलद झाली आणि इंजिन थांबले.

मी उतरून हँडल मारले, पाच वेळा. काही नाही. दारादारांतून विणकर बाहेर आले. मल्लेशम नुकताच स्टेशनवरून पोचला होता. त्याने हात पसरून सर्वांना अडवले आणि लक्ष्मीला पाण्यासाठी पिटाळले. फडके ओले झाले. मी माझ्या जागी येऊन बसलो आणि घड्याळ बघू लागलो. चार मिनिटे झाली, सहा झाली. मालती समोर बघत होती. मागे तेलुगूत कुजबूज वाढली, आणि मल्लेशमला न जुमानता चारपाच जणांनी गाडीला हात लावले. शेजारच्याची गाडी दारात बंद पडावी आणि त्याला घरापर्यंत पोचवायचे नाही, हे त्यांच्या मनाला पटण्यासारखे नव्हते.

गाडी हलली. मला आसनाखाली ते स्पष्ट जाणवले.

मालती ताडकन उठून उभी राहिली, मागे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "चालु!"

हात थांबले. आणि माझा अंगठा स्टार्टरच्या बटणावर होता. बंदी घातलेला शब्द कानावर पडताच त्याने बटण दाबले. इंजिन पेटले. शास्त्रीय कारण असे की एव्हाना पंप पुरेसा थंड झाला होता. उरलेली पन्नास पावले आम्ही स्वतःच्या शक्तीने गेलो.

"थोडी हलली होती," मी घरी आल्यावर सांगितले. करार माझ्या हस्ताक्षरात होता.

"हात लावले होते. बल," ती इरकलाची घडी घालत म्हणाली. "मला काही हलल्यासारखं वाटलं नाही."

सोमवारी सकाळी फूटपट्टी घेऊन मी मल्लेशमच्या दारापाशी गेलो. गाडी हलली असेल तर तेलाचे डाग दोन असणार होते, एक थांबल्यावर पडलेला आणि एक ढकलल्यावर. आणि त्यांच्यातले अंतर म्हणजे विस्थापन. तिथे सडा पडला होता. शेणाने सारवून त्यावर मोठी रांगोळी काढली होती. लक्ष्मी रांगोळी तांदळाच्या पिठाची काढते, वळणाच्या रेघांची. ही पांढऱ्या शिरगोळ्याच्या भुकटीची होती, ठिपक्यांची, आणि ठिपक्यांमधले अंतर नेमके तीन बोटे. तशी रांगोळी त्या गल्लीत एकाच घरी निघत असे, आमच्या.

मी फूटपट्टी खिशात ठेवली.

दहा वाजता बशीरभाई आले. त्यांना पंख्याने वाकवलेले नरसाळे दिले. गाडी आमच्याकडे पुढे अकरा वर्षे राहिली आणि त्या काळात तिला धक्के पुष्कळ लागले. पण तसा करार पुन्हा कोणी केला नाही, आणि टकटक जलद झाली की सांगणारे माणूस कायम शेजारी असे. ते 'चालु' तिने कोणत्या भाषेत म्हटले होते, ते मी आजवर विचारलेले नाही.