नलूकाकूंचा लाल टॉवेल

तुमच्यापैकी जे मला अजून जबाबदार माणूस समजतात, त्यांनी चहा संपवून सरळ घरी जावं. कारण त्या कोरोनाच्या ऑक्टोबरात मी जे करून बसलो, ते ऐकल्यावर तुमचा हा समज काही टिकायचा नाही.

बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली ती तिकडेच अडकली. इकडे रत्नागिरीत मी एकटा. निवृत्त माणूस, त्यात सगळं बंद. दाढी वाढलेली, दोन्ही वेळेला आमटी-भात, आणि करमणुकीला परसात लावलेलं पडवळ. आमच्या मधल्या दगडी गडग्यापलीकडे नलूकाकू. वय अठ्ठ्याहत्तर, मुलगा मुंबईला, त्याही एकट्याच.

काकूंना कोरोना झाला. तसा सौम्यच, पण चौदा दिवस आवाराबाहेर पडायचं नाही. मुलाचा मला फोन आला, आईकडे तेवढं लक्ष असू द्या म्हणाला. मी म्हटलं, अरे, मी आहे ना!

काकूंना ऐकू कमी येतं. फोन देवघरात वाजून वाजून थकतो. म्हणून आमचं दोघांचं ठरलं, की सकाळी उठल्यावर त्यांनी मागच्या खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, दोरीवर लाल टॉवेल वाळत घालायचा आणि मी माझ्या मागच्या दारातून बघायचं. टॉवेल दिसला म्हणजे काकू ठीक. शिवाय काळू, म्हणजे त्यांचा कुत्रा, त्यांनी माझ्या हवाली केला. त्याला दोन्ही वेळा फिरवायला न्यायचं, अशी सक्त ताकीद.

मग काय, मी दाढी केली, मास्क चढवला आणि काळूला घेऊन रोज भाट्याच्या पुलापर्यंत जाऊ लागलो. वाटेत जो भेटेल त्याला लांबूनच सांगायचो, एकट्या म्हातारीचं सगळं मीच बघतो हो!

नवव्या दिवशी सकाळी फिरून आलो, मागचं दार उघडलं. टॉवेल नाही.

पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. फोन केला, कोणी उचलेना. आता शहाण्या माणसानं काय करावं? पलीकडे जाऊन बघावं की नाही? मी आळीच्या ग्रुपवर लिहिलं, 'नलूकाकूंचा टॉवेल दिसत नाही.'

लगेच उत्तर आलं, 'आमच्या गच्चीवर एक उडून आलाय, पण तो निळा आहे.'

टॉवेलची भानगड आमच्या दोघांतच होती, हे मी घाईत विसरलो होतो. म्हणून खुलासा केला, 'टॉवेल नाही म्हणजे काकू नाहीत.' झालं! कोणीतरी हात जोडले. त्याच्याखाली दुसऱ्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. मग कोण मागे राहतोय? मी धावत काकूंच्या फाटकाशी पोचेपर्यंत तिथे मास्क लावलेली आठ-दहा माणसं अंतर राखून हळहळत उभी होती. आत मात्र कोणी जाईना.

खरं सांगू? कडीवर माझाही हात थांबला. नऊ दिवस मी काळजी घेतली, ती सगळी गडग्याच्या अलीकडून. जवळ जायची वेळ आली तेव्हा पाय उचलेना, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

काळू मात्र फाटकाखालून आत घुसला. त्याच्यामागून मग मी.

मागच्या खळ्यात दोरीवर लालभडक टॉवेल, आणि त्याच्याशेजारी काकू कोथिंबिरीला पाणी घालतायत! मी वळून माझ्या घराकडे बघितलं, तर घर गायब. मध्ये नुसतं पडवळ. वेल जमिनीवर लोळतो म्हणून आदल्या संध्याकाळी मीच काठ्या रोवून तो गडग्यावर चढवला होता.

काकूंनी तोंडाला पदर लावला. मी लांबूनच सगळा प्रकार सांगितला. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून सांगितला, त्यामुळे तो फाटकावरच्या मंडळींनाही समजला. काकू खोकला लागेपर्यंत हसल्या.

"तू माझा टॉवेल बघायचास," त्या म्हणाल्या. "मी तुझं काय बघायचं रे, विचारलंस कधी?"

मी काळूला जवळ बोलावलं.

"काळूला फिरायला माझं एवढं आवार पडलंय. तुझी ती दाढी बघितली आणि म्हटलं, हा मेला घरात बसून खंगायचा. म्हणून दिला त्याला तुझ्याकडे. रोज फाटकावरून गेलास की कळायचं मला, आज उठलाय."

मी मान खाली घालून घरी आलो. नशीब, त्यांचा मुलगा त्या ग्रुपवर नव्हता. दुपारी त्याचा नेहमीसारखा फोन आला, आईकडे लक्ष आहे ना म्हणून.

म्हटलं, "आई एकदम छान आहे. माझ्याकडे नीट लक्ष आहे तिचं."