उरला दाना कोनाले

मुलगी पावणेतीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. कान तपासून झाले होते, ते ठणठणीत होते. लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारायचंच, "पोरगी बोलत काऊन नाही?" आणि मी अशी बघायचे, की विचारणारी बाई ताट उचलून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसायची.

खामगावला वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला एकच काम दिलं. छोटी बालगाणी म्हणायची, तीच ती, आणि शेवटचा शब्द गाळून थांबायचं. मनात दहा मोजायचे. तिने शब्द भरला नाही, तर आपण भरायचा आणि पुढे जायचं. "पुढच्या खेपेपर्यंत ती बोलायला लागली नाही, तर मोठ्या तपासण्यांसाठी अकोल्याला पाठवावं लागेल," असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी शांत राहिले नाही.

वाट बघणं माझ्या स्वभावातच नाही. मी नांदुऱ्याला शाळेत शिकवते. वर्गातून उत्तर यायला उशीर झाला तर मीच देऊन टाकते. घरी मात्र दहा मोजायचे. तिचे ओठ हलतात का ते बघता बघता माझे आकडे चुकायचे.

मी शाळेत असताना ती शेजारच्या खालाकडे असायची. सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते. ती ब्लाउज शिवते, आणि मशीन चालवता चालवता लेकराला काहीबाही गाऊन दाखवते. एकदा मी दारातूनच ऐकलं:

"एक दाना मुंगीले,
एक दाना चिमनीले,
उरला दाना कोनाले?"

एवढं म्हणून खालाने सुईत दोरा ओवला, आणि मग स्वतःच म्हणाली, "मले." गाणं मला आवडलं. मी ते घरी नेलं, पण धुऊनपुसून. मुंगीला, चिमणीला, कोणाला.

त्याला कारण होतं. पुण्याला शिकायला गेले तेव्हा मेसमध्ये पहिल्याच दिवशी मी म्हणाले होते, "मले पन वाढा." अख्खं टेबल हसलं, आणि पुढची तीन वर्षं माझं नावच 'मले' पडलं. ती जीभ मी घासून घासून साफ केली. मुलीवर तशी वेळ नको, म्हणून आमच्या घरात 'ले' बंद. नवरा म्हणाला, "मंग पोरीशी बोलू तरी कोनत्या भाषेत?" आणि खरंच, तो तिच्याशी बोलायचा कमी झाला. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

एका संध्याकाळी वाटीत फुटाणे घेऊन आम्ही दोघी बसलो. एक दाणा मुंगीला, एक दाणा चिमणीला. उरला दाणा कोणाला? मी मोजायला लागले. सातवर तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ म्हणाली, "मले."

आणि मी म्हणाले, "मले नाही बाळा, मला. म्हण, मला."

मुलखाची मूर्ख बाई मी. ज्या शब्दासाठी इतके महिने झुरले तो आला, आणि मी त्यात चूक काढली. तिचा चेहरा मिटला. पुढे वाटी काढली की ती उठून माझ्या तोंडावर हात ठेवायची. खालाकडेही तिने तोंड उघडलं नाही. असे नऊ दिवस गेले आणि खामगावची तारीख परवावर आली.

शेवटी मी खालाला सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवली.

"काऊन टोकलं बेटा तिले? लेकरू बोलून राह्यलं होतं."

मला वाटलं होतं, ती समजूत घालेल. ती पुन्हा पायडल मारायला लागली.

त्या संध्याकाळी वाटीत तीन फुटाणे घेऊन बसले. मुलीने माझ्या तोंडावर हात ठेवलाच. मी तो काढला नाही, हाताच्या आडूनच हळू गायला लागले. 'मुंगी'पाशी जीभ अडली. नवरा दारात उभा होता, आणि मला चक्क लाज वाटत होती, स्वतःच्या घरात.

"मुंगीले," मी म्हणाले आणि एक फुटाणा जमिनीवर ठेवला. "चिमनीले," म्हणत दुसरा.

हात जरा सैल झाला.

"उरला दाना कोनाले?"

दहा झाले. आता शब्द मीच भरायचा होता. मी भरला नाही, पुन्हा एकपासून मोजायला लागले. नवरा दारातून हलला नाही. वाटीत एकच फुटाणा उरला होता. तिने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला. मी पुन्हा नऊवर आले होते.

"तुले," ती म्हणाली, आणि फुटाणा माझ्या तोंडात कोंबला. मला तो चावताच येईना.