ताई म्हण

आमच्या केंद्राच्या तळमजल्यावर पाळणाघर आहे आणि वर माझा शिवणवर्ग. खालचं रडणं, हसणं, भांडणं सगळं जिन्यातून वर ऐकू येतं. पाळणाघर ताई सांभाळायची. मुलांची ती ताई, मुलांच्या आयांचीही ताई आणि, सांगायला विचित्र वाटतं, पण पोटच्या पोराचीसुद्धा ताईच. नवरा गेल्यावर तान्ह्याला कडेवर घेऊन ती इथे कामाला लागली. बाकीच्या पोरांच्या आया दिवसभर बाहेर, आणि आपल्या एकट्याच पोराने 'आई, आई' करत पायांत घोटाळायचं, हे तिला पटेना. मग तिने त्यालाही शिकवलं, ताई म्हण. चुकून आई म्हणाला तर ती ओ द्यायची नाही. पोरगं शहाणं, लवकर शिकलं. आता तो दुसऱ्या शहरात ट्रक चालवतो आणि फोनवर विचारतो, "ताई, जेवलीस का?"

"अगं, आता तरी आई म्हणायला सांग त्याला," मी एकदा म्हटलं.

"आता सांगून काय उपयोग? वळण लागलं ते लागलं."

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या एका बाईची धाकटी पाळणाघरात यायची. गोल गरगरीत, म्हणून तिला सगळे गोटी म्हणायचे. आई सकाळीच कामावर जाई, मग थोरली बहीण गोटीला ताईकडे सोडून शाळेत पळे. थोरली मोठी हुशार. शाळा सुटली की माझ्याकडे डोकावायची आणि कुठल्या झग्याला किती कापड लागेल ते तोंडी सांगायची. मोठेपणी मास्तरीण होणार म्हणायची, आणि होण्यासारखीच होती.

गोटी मात्र बोलायचं नाव घेईना. आणि एक दिवस बोलली ती ताईकडे बघून, "आई!"

ताईने ओ दिली.

"एकदाच दिली गं," ती मला म्हणाली. खोटं. जिन्यातून मी रोज ऐकत होते. मीही काही बोलले नाही. इतकी वर्षं कोरडी राहिलेली बाई, घेऊ दे चार दिवस सुख, असं मला वाटलं.

एका दुपारी लाँड्रीतली वीज गेली म्हणून गोटीची आई लवकर आली. दारात वाकून तिने हात पसरले. गोटी तिच्याकडे बघून वळली, धावत जाऊन ताईला बिलगली आणि म्हणाली, "आई, उचल."

"मी तिकडे हात भाजून घेते ते हिने तुला आई म्हणावं म्हणून?" बाई एवढंच बोलली. हातपाय झाडणाऱ्या गोटीला तिने उचलून नेलं. दुसऱ्या दिवसापासून गोटी आली नाही, आणि तिला सांभाळायला थोरलीची शाळा बंद झाली.

आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. एकच खोली. थोरली एका हाताने गोटीला सावरत दुसऱ्या हाताने भांडी घासत होती. दप्तर खिळ्याला टांगलेलं. गोटीने ताईला पाहून हात पुढे केले, तशी थोरलीने तिला घट्ट धरलं.

"हिच्या शाळेचं काय?" मी विचारलं.

"बुडाली तर बुडाली. मी आई तरी राहीन."

"पोरीच्या जन्माचं वाटोळं करतेस तू!" माझा तोल सुटला. ताईने माझा दंड दाबला आणि बाईला विचारलं, "मी तिथे नसले तर पाठवशील?"

बाईने खिळ्यावरच्या दप्तराकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "पाठवीन."

केंद्राच्या साहेबांना पाळणाघरात कुणीतरी तरुण, शिकलेली हवीच होती. ताई आपणहून सोडते म्हणाली, सुंठीवाचून खोकला गेला त्यांचा. जाताना चहासुद्धा विचारला नाही मेल्यांनी. ताई वर माझ्याकडे काजं-बटणं करायला आली.

गोटी परत येऊ लागली. पहिले काही दिवस ती जिन्याच्या तळाशी उभी राहून "आई" म्हणून हाका मारायची. ताईच्या जागी आलेली मुलगी तिला आत ओढून न्यायची. त्या वेळी ताई मशीनवर बसून जोरात पाय मारायची. एकदा मी जवळ जाऊन पाहिलं, तर सुईखाली कापडच नव्हतं. पुढे हाका थांबल्या. खिडकीतून थोरली दप्तर घेऊन जाताना दिसायची. ताई ते बघायची आणि पुन्हा कामाला लागायची.

परवा संध्याकाळी फाटकात आम्हा दोघींना गोटीची आई भेटली. राग कधीच विरला होता तिचा. कडेवरच्या गोटीला म्हणाली, "गोटे, बघ कोण ते. ताई म्हण."

गोटीने परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं, आईच्या मानेत तोंड लपवलं आणि तिथूनच म्हणाली, "ताई."

"शाबास," ताई म्हणाली.

त्या दोघी गेल्यावर ताईचा फोन वाजला. मुलाचा होता. तिने तो वाजू दिला.