पांढऱ्या पिकअपची काळी दारं

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मग चहा नाकातून बाहेर येईल. मी आयुष्यात एकदाच असं काम केलंय, की अख्खी गल्ली आ वासून बघत राहिली. पण त्या कामाची मी जी काही वाट लावली ना... थांबा, नीट सांगते.

माझ्या बाबांचा गोरेगावला मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. बांबू, कनाती, खुर्च्या वाहायला एक पांढरा पिकअप ट्रक. धंदा केव्हाच बंद झाला, पण ट्रक विकायचं नाव काढलं की बाबा ताटावरून उठायचे! त्यांची पंचाहत्तरी आली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. ह्याच ट्रकमधून त्यांना फिरवून आणायचं, सरप्राईज!

बाबांना न सांगता बोरिवलीच्या गॅरेजवाल्याकडून इंजिन करून घेतलं. राहिली दारं. दाराला आतून काळं प्लॅस्टिक असतं ना, ते उन्हानं पार राखाडी पडलेलं. वर पांढरट चट्टे.

"नवीन मिळत नाहीत ती आता," मंदार, म्हणजे माझा नवरा, म्हणाला. "राहू दे ना यार."

राहू दे काय? मी मोबाईलवर बघितलं होतं! प्लॅस्टिक साबणानं धुवायचं, सुकवायचं आणि हॉट एअर गननं हळूहळू गरम हवा मारायची. ही गन म्हणजे हेअर ड्रायरचा रागीट मोठा भाऊ. गेलेला रंग म्हणे परत येतो.

"ट्रक लावलायस कुठे?" मी मंदारला विचारलं.

"गावठाणात, चिंचेखाली. पांढरा पिकअप. दार उघडंच असतं, लॉक बिघडलंय."

रविवारी सकाळी बादली, फडकी, गन घेऊन मी बोरिवलीच्या गावठाणात हजर. चिंच होती. चिंचेखाली पांढरा पिकअप होता. दार ओढलं, उघडलं. आणखी काय पुरावा पाहिजे?

आत समोरच मतमाऊलीची, म्हणजे मेरीमातेची, छोटी मूर्ती. जरा थबकले. मग म्हटलं, बाबा जातातच की बांद्र्याच्या जत्रेला मेणबत्ती लावायला!

आणि मग दाराच्या प्लॅस्टिकवर ओरखडे दिसले. अहो, ओळखलेच मी ते! शाळेत असताना ट्रकमध्ये बसून मी कर्कटकानं रेघोट्या मारल्या होत्या. इतकी वर्षं बाबांनी त्या तशाच ठेवल्या? मी त्या रेघोट्यांवरून हात फिरवत मुसमुसून रडले.

"काय करतेस, बाय?"

समोरच्या घरातून हाफ पँट आणि बनियन घातलेले एक अंकल आले होते. नाव डॉमनिक.

"दारं नवीन करतेय, अंकल. सरप्राईज आहे."

"सरप्राईज!" ते खूश. "लाईट लागेल ना? माझ्या घरातून घे."

बघा, आहेत अजून अशी माणसं! मी वायर जोडून गन सुरू केली. अंकल काहीतरी विचारत होते. त्या घोंघाटात एक अक्षर कळलं नाही, म्हणून मी जोरजोरात मान हलवली. ते आणखी खूश. खुर्ची आणून बसले.

आणि मग ते झालं.

जिथे हवा लागली तिथे ती मेलेली राखाडी जागा काळी व्हायला लागली. ओल्या पाटीसारखी काळी! हात पुढे सरकला की काळोखही पुढे सरकायचा. मी गन बंद केली. अंकलनी चष्मा चढवला. खरं सांगते, आकाशात इंद्रधनुष्य उमटताना बघावं तसे आम्ही एका दाराकडे बघत होतो!

"शोरूममधून आला तेव्हा अस्साच होता," अंकल अगदी हळू म्हणाले.

"तुम्ही पाहिला होता?"

"मी नाही तर कोण पाहणार?"

अच्छा! बाबांच्या ओळखीचे दिसतायत.

हळूहळू गल्ली जमली. कोणी मासळीची पिशवी घेऊन तसंच उभं, कोणी दात घासत. मला तर वाटायला लागलं, माझ्या हातात काहीतरी सिद्धी आहे!

"हे ओरखडे मात्र मी घालवणार नाही," मी जाहीर केलं. "आठवण आहे ती."

अंकलच्या डोळ्यांत पाणी. "नको घालवूस, बाय. मीच सांगणार होतो."

किती हळवा माणूस!

दोन्ही दारं झाली. अंकल घरात गेले, किल्ली घेऊन आले, ट्रकमध्ये बसले आणि चक्क ट्रक चालू केला.

"एक राऊंड मारून येतो हं."

"अंकल! उतरा खाली!" मी दाराला लटकले. "चोर! चोर! माझ्या बाबांचा ट्रक!"

"कुठले बाबा? माझी गाडी आहे!"

"खोटं! ह्या रेघोट्या माझ्या आहेत!"

"तुझ्या? अगं, टायगरच्या आहेत त्या! माझा कुत्रा! खिडकीतून बघायला नखं रोवून उभा राहायचा. गेला बिचारा!"

तेवढ्यात मंदार डबा घेऊन येताना दिसला.

"तू इथे काय करतेयस? मी कधीचा शोधतोय! आपला ट्रक मागच्या गल्लीत आहे. तिथल्या चिंचेखाली."

म्हणजे मी सकाळभर एका कुत्र्याच्या नखांवरून हात फिरवत रडत होते!

"मला वाटलं दुबईहून माझ्या मुलानं पाठवलं तुला," अंकल म्हणाले. "विचारलं तर केवढी मान हलवलीस!" आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून असे हसले, असे हसले, की हॉर्न वाजत राहिला.

मग मागच्या गल्लीत गेले. हात भरून आलेले, डोकं फिरलेलं, ऊन कलायला लागलेलं. घाईघाईत गन जरा जास्तच जवळ धरली. डावीकडच्या दाराचं प्लॅस्टिक काळं झालं, झकास चमकलं आणि मग डोळ्यांदेखत लोण्यासारखं आत बसलं. हात टेकायच्या कट्ट्यावर मधोमध हा गोल खड्डा! उजवीकडच्या दाराला हात लावायची माझी हिंमतच झाली नाही. परक्याची दारं आरशासारखी, आणि बाबांच्या दाराला खड्डा!

वाढदिवसाला बाबा डावीकडे बसले. दारावरून हात फिरवला. हात खड्ड्यात गेला. तिथेच थांबला. आता विचारणार!

बाबांनी काखेतली पाण्याची बाटली काढली आणि खड्ड्यात ठेवली. फिट्ट बसली. बाबा तिच्याकडे बघतच राहिले.

"मंदार, हे बघ! जन्मभर बाटली माझ्या पायाशी लोळायची. कंपनीच्या इंजिनियर लोकांना सुचलं नाही, ते माझ्या पोरीला सुचलं!"

मंदारनं माझ्याकडे पाहिलं. मी विनयानं मान खाली घातली. दुसरं काय करणार?

"फक्त एक कर," बाबा म्हणाले. "ड्रायव्हरच्या बाजूलाही असाच एक करून दे. जरा मोठा कर, थर्मास बसेल असा!"