कमलबाईला दारात कोणी उभं केलं?

बायनाबाईला लहानपणापासून एकच खोड. समोर काही घडलं की ते कसं घडलं हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. लग्न होऊन सेलूला आली त्याच वर्षी सासऱ्याचं गजराचं घड्याळ बंद पडलं, तर हिनं ते चुलीपुढं बसून उघडलं. चाकं सगळ्या घरात पांगली. सासरा तणतणला, पण नवरा आश्रुबा, बाजारात कापसाची हमाली करणारा शांत माणूस, हसून म्हणाला, "आत काय दिसलं?"

"एक चाक दुसऱ्याला ढकलतंय. पण पहिल्याला कोण ढकलतंय ते सापडंना."

ते घड्याळ पुन्हा चाललं नाही. बायनाबाईची खोडही गेली नाही.

पंच्याहत्तरच्या एप्रिलात वाड्यातल्या जयंतीच्या कार्यक्रमात परभणीहून सूर्यभान भाषणाला आला. तो याच वाड्यातला, आता तिकडं कॉलेजात इतिहास शिकवायचा. नात्यानं बायनाबाईचा दीर लागायचा. भाषणात तो चारचारदा म्हणाला, "हुकूमशहा आभाळातून पडत नसतो, त्याला माणसंच मोठं करतात." भाषण संपल्यावर लोक चहाला बसले तेव्हा बायनाबाई पदर सावरत त्याच्याजवळ गेली.

"भाऊजी, हे हुकूमशहा कुठल्या पेठेतले सेठ?"

सेलूत कापसाच्या व्यापाऱ्यांत शहा आडनावाची घरं होती, म्हणून तिला तसं वाटलं. सूर्यभानच्या ओठावर हसू आलं, पण वहिनीचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. नीट समजावून सांगितलं. सगळ्या देशावर एकट्याचाच हुकूम चालवणारा, कुणाला जाब न देणारा माणूस, त्याला म्हणायचं हुकूमशहा. मग त्यानं दूरच्या एका देशाची गोष्ट सांगितली. लढाई हरलेला देश, नोटांना कागदाची किंमत, हाताला काम नाही, पुढारी आपसात भांडणारे. अशात एक जण उठतो आणि म्हणतो, माझ्यावर सोडा, मी सगळं सरळ करतो.

"आन् लोकांनी त्याला अडवलं न्हाई?"

"सुरुवातीला अडवावंसं वाटतच नाही, वहिनी."

"कामून?"

सूर्यभाननं कप खाली ठेवला. "कारणं पुस्तकात लिहिलीत. मी ती पोरांना शिकवतो बी. पण चांगली शहाणी माणसं रोज थोडी थोडी कशी वाकत गेली, ते मला अजून कळलेलं न्हाई."

घरी येताना ती आश्रुबाला म्हणाली, "बघायला पायजे व्हतं."

"काय?"

"पहिला दिवस. त्या माणसाचा पहिला दिवस कसा व्हता ते."

पुढं जूनमध्ये आणीबाणी लागली. सूर्यभानची भाषणं थांबली. स्टेशनाच्या भिंतीवर शिस्तीच्या घोषणा रंगवल्या गेल्या, गाड्या वेळेवर यायला लागल्या, आणि लोक म्हणू लागले की बरं झालं. बायनाबाई ऐकायची, पण तिच्या डोक्यात तेव्हा वेगळीच काळजी होती. दसरा जवळ आला होता आणि कापसातली सरकी काढायची जिनिंग सुरू व्हायची होती.

स्टेशनामागच्या एका जिनिंगमध्ये ती दरसाल जायची. बाया कापसातला पाला-कचरा निवडायच्या, मशीनवर कापूस टाकायच्या, खाली पडलेली सरकी भरायच्या. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-अडीच वर्षं झाली होती, तरी खेड्यांतून आलेली माणसं परत गेली नव्हती. त्यामुळं रोज सकाळी आत जागा कमी आणि फाटकाशी बाया फार. बन्सीधर मुकादम फाटक उघडायचा आणि जी आधी घुसेल ती आत. शिव्या, झिंज्या, तुटलेल्या बांगड्या. त्या हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात म्हातारी कस्तुराबाई रेटारेटीत खाली पडली आणि तिचा हात मोडला.

दुपारी भाकरी खायला बाया आवारातल्या कडुलिंबाखाली बसल्या. सगळ्या कस्तुराबाईबद्दलच बोलत होत्या.

"आपलीच एक बाई दारात उभी करा," बायनाबाई म्हणाली. "ती सांगंल तशा आत जाऊ. आज ह्या, उद्या त्या."

"कोण उभी ऱ्हाईल?"

सगळ्यांच्या माना एकीकडंच वळल्या. कमलबाई उंचीपुरी, आवाजाची खणखणीत, नवरा वारलेला. मागल्या साली एका कोवळ्या पोरीच्या अंगाला मुकादमाच्या माणसानं हात लावला, तर हिनं पाण्यानं भरलेली घागर त्याच्या डोक्यात घातली होती. तिनं कधी कुणाची पै खाल्ली नव्हती.

"मला न्हाई जमायचं," कमलबाई म्हणाली. "माज्यानं कुणाला न्हाई म्हणवत न्हाई."

"म्हणूनच तू," बायनाबाई म्हणाली, आणि तिचा हात धरून तिला उठवलं.

आणि खरंच, काय सुंदर दिवस होते ते! सकाळी बाया रांगेत. अंगावर पिणारं लेकरू असलेलीला सरकीकडचं काम, तिकडं कापूस कमी उडायचा. कस्तुराबाई हात बांधून आली तर तिला बसून निवडायचं काम. भांडण झालं की कमलबाई दोघींचं ऐकायची, निकाल द्यायची. बन्सीधर मुकादमही खूश. "सध्या शिस्तीचे दिवस हायत, बाई," म्हणायचा, आणि फाटकाकडं फिरकायचासुद्धा नाही.

हळूहळू बाया विचारायला लागल्या. कमलबाई, मी कुठं बसू? कमलबाई, पाणी प्यायला जाऊ का? कमलबाईनं कुणाला विचारा म्हणून सांगितलं नव्हतं. पण एकीनं विचारलं की दुसरीला न विचारता जाणं उद्धटपणाचं वाटायचं. लिंबाच्या बुडाशी ती बसायची ती जागा मोकळी राहू लागली. तिची भाकरी सुटायच्या आधी कुणी आपलं फडकं सोडीना.

मग एक दिवस रुख्मिणी उशिरा आली. रुख्मिणी म्हणजे तोंडाळ, कामात कच्ची, हिचं तिला आणि तिचं हिला सांगणारी. कमलबाई म्हणाली, "आज तू घरी जा." रुख्मिणी रडली, हातापाया पडली. कुणी मधी पडलं नाही. बायनाबाईच्याही मनात आलं, बरं झालं, जिरली एकदाची.

त्यानंतरची गीताबाई. ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. कमलबाई बोलत असताना कशाला तरी हसली, एवढंच. "चार दिवस तोंड दावू नको," कमलबाई म्हणाली. दोन पोरी तोवर तिच्या मागं-पुढं करायला लागल्या होत्या, कोण काय बोललं ते तिच्या कानी घालायच्या. गीताबाई निमूट गेली आणि जिनिंगात मशीनच्या घरघरीशिवाय काही ऐकू येईना.

तेव्हा बायनाबाईच्या अंगावर काटा आला. भीतीनं म्हणावं तर भीती होतीच, पण त्याहून जास्त नवल होतं. अगं बाई, जे बघायला पायजे व्हतं म्हणत होते, ते माझ्या डोळ्यापुढं घडलं आणि मला दिसलं नाही. पहिला दिवस कोणता? फाटक धरलं तो? कुणी पाणी प्यायला विचारलं तो? का रुख्मिणी रडत गेली तो?

तिनं एकेकीला गाठायला सुरुवात केली. कुणाला पाणवठ्यावर, कुणाला बाजारात, कुणाला वाटेत. प्रत्येकीला एकच विचारायची, "तुला कमलबाईची भीती वाटती का गं?"

"मला? छ्या! मला कशाची भीती," सुमनबाई म्हणाली. "पण बाकीच्या लय भेतात. म्हणून आपण गप ऱ्हायचं."

दुसरी म्हणाली, "मला न्हाई आवडत तिचं. पण बाकीच्यांना ती पायजे हाय ना, मग मी काय बोलू?"

तिसरीही तेच. चौथीही तेच. बायनाबाई चक्रावली. भ्यालेल्या त्या बाकीच्या बाया होत्या तरी कुठं? जिला विचारावं तिच्या लेखी त्या दुसरीकडंच होत्या.

आता एकच राहिली होती. आठवडी बाजाराच्या दिवशी बायनाबाई कमलबाईच्या घरी गेली. कमलबाई एकटीच ज्वारी पाखडत होती.

"कमल, भांडायला आले न्हाई. इचारायला आले. तुला हे सगळं कसं वाटतंय?"

कमलबाईनं सूप खाली ठेवलं. आधी तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग एकदम थकल्यासारखी बोलली. "माय, मी उजवीकडं बघितलं की सगळ्या उजवीकडं बघतात. पहिलं पहिलं मला हसू यायचं. मग वाटायला लागलं, कुणी न्हाई बघितलं तर? ती गीता हसली ना, मला वाटलं आता सगळ्याच हसतील."

"मग सोड की."

"सोडू? ज्यांना ज्यांना मी घरी धाडलं त्या मला फाडून खातील." तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "आन् खरं सांगू? ग्वाड वाटतं. नवरा व्हता तवा मला घरात दुसरी भाकर मागायची चोरी व्हती. आता बन्सीधर मुकादम मला 'बाई' म्हणतो."

बायनाबाईला तिचा राग येईना. उलट माया आली. पण ती घराबाहेर पडली तेव्हा त्या दोन पोरींतली एक बोळाच्या तोंडाशी उभी होती.

दुसऱ्या दिवशी फाटकात कमलबाईनं हात आडवा धरला. "तू आज न्हाई."

"कामून?"

"माज्या मागं बायांना चिथवायलीस म्हणं."

रांग पुढं सरकली. जिच्या जिच्याशी ती बोलली होती ती प्रत्येक बाई खाली मान घालून शेजारून गेली. सुमनबाईचा पदर तिच्या हाताला घासला, पण सुमनबाईनं बघितलं नाही. बायनाबाईला वाटलं होतं आपण रडू. रडू नाही आलं. ती फाटकाबाहेरच्या दगडावर जाऊन बसली, आणि बसली ती बसलीच. घरी गेली नाही.

उन्हं चढल्यावर कुणी तरी शेजारी येऊन टेकलं. रुख्मिणी. तिला त्या दिवसापासून कधी घेत, कधी परत धाडत.

"मला हाकललं तवा तू माज्याकडं बघितलं बी न्हाईस," रुख्मिणी म्हणाली.

"न्हाई बघितलं. जिरली म्हणलं मनात."

"ठाऊक हाय मला. तोंडावर दिसत व्हतं." रुख्मिणीनं फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी तिच्या मांडीवर ठेवली. "खा."

दुपारच्या सुट्टीत आतल्या बायांना फाटकाच्या गजातून दोघी बसलेल्या दिसल्या. त्यानंतरच्या सकाळी गीताबाई रांगेत लागलीच नाही, येऊन दगडावर बसली. तिच्या मागून सुमनबाई आली. "मला भीती वाटती," बसता बसता ती मोठ्यानं म्हणाली. "आधी खोटं बोलले मी." ते ऐकून रांगेतली एक हसली, आणि हसतच बाहेर आली. एकेक करत पुष्कळ आल्या. काही आतच राहिल्या, त्यांच्या घरची चूल त्याच रोजावर पेटायची, आणि त्यांना कुणी बोल लावला नाही.

बन्सीधर मुकादमानं आधी गावातून नव्या बाया आणल्या. त्यांना कचरा निवडता येईना, माल परत यायला लागला. हंगाम भरात होता. मग तो स्वतः दगडापाशी आला. "तुमचं म्हणणं तरी काय?"

"दारात बाई आमचीच ऱ्हाईल," बायनाबाई म्हणाली. "पण बाजाराच्या बाजाराला बदलंल."

मुकादमाला काय, माल निघाल्याशी मतलब. तो हो म्हणाला. कमलबाई त्या दिवशी घरी गेली ती पुष्कळ दिवस आली नाही.

पहिला आठवडा बायांनी बायनाबाईच्या गळ्यात घातला. तिला वाटलं, आपल्याला सगळं कळलंय, आपलं काय बिघडणार? आठवडा सरत आला तेव्हा एक नवी पोर तिच्याजवळ आली आणि दबकत म्हणाली, "बाई, मी कुठं बसू?" बायनाबाईच्या छातीत काही तरी गोड हललं, ऊन ऊन गुळाचा चहा प्यावा तसं. ती दचकली. "तुला बसायचंय तिथं बस," ती जरा जोरातच बोलली, आणि पोर बिचारी घाबरली. त्या संध्याकाळी तिनं आश्रुबाला हे सांगितलं. आश्रुबा म्हणाला, "मग?" ती म्हणाली, "मग काय, बाजार परवा हाय ते बरं हाय."

बाजाराच्या दिवशी फाटक रुख्मिणीकडं गेलं. तिनं आठवडाभर नुसता गोंधळ घातला. पण आठवडा संपला आणि पुढची आली. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी कमलबाई येऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली. कुणी फाडून खाल्लं नाही. दोघी-तिघींनी तोंड फिरवलं, गीताबाईनं तर होळीपर्यंत अबोला धरला. बायनाबाई मात्र तिच्या शेजारी बसून निवडू लागली.

दोन-तीन हंगाम असे गेले. मग बायाच कुरकुरायला लागल्या. दर आठवड्याला नवी बाई, नवा घोळ. रुख्मिणीची तर पाळी आली की डोक्याला ताप. एका दुपारी लिंबाखाली एक नवी बाई म्हणाली, "एकच पक्की ठिवा की. गीताबाई किती चांगली हाय, कुणाचं वाईट करणार न्हाई."

बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. बायनाबाई बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडून कमलबाई बोलली. इतक्या दिवसांत ती चारचौघीत फारशी बोलली नव्हती.

"चांगली असली तर अजिबातच नका ठिवू," ती म्हणाली. "वाईट बाईला तुमी दुसऱ्याच दिवशी काढाल."

डोलणाऱ्या माना थांबल्या. नवी बाई एकदा कमलबाईकडं, एकदा बाकीच्यांकडं बघत राहिली. तिला मागचं काही ठाऊक नव्हतं. मग भोंगा झाला आणि बाया पदर झटकत उठल्या. दारात त्या आठवड्याला रुख्मिणी होती.