उत्तरेश्वरचे दात आणि मशीनची मेमरी

उत्तरेश्वरचा पहिला दात गेला तो बद्रीनाथच्या कोपराने.

त्याचं कारण असं. धारूरच्या डोंगरकडेला त्या गावात दुष्काळात सहकारी पाणीसंस्था निघाली. चेअरमन मोहनरावांनी टाकी बांधली, टँकरने ती भरायची, घरटी एक कार्ड वाटलं. टाकीखालच्या डबीला कार्ड टेकवलं की नळ उघडे, हंडा भरला की बंद. डबीची वायर मागच्या कोठडीतल्या जुन्या लिनक्सच्या कॉम्प्युटरला, आणि कॉम्प्युटर उत्तरेश्वरच्या गळ्यात. आईबाप ऊसतोडीला जायचे तेव्हा हा अंबाजोगाईला डिप्लोमा करत होता. पुढे पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरचा कर्नल तपासायचं काम केलं, कंपनी बुडाली, पठ्ठ्या गावी परत. शिकून परत आलेल्याला गाव एकतर मास्तर करतं नाहीतर बडवतं. मास्तराची जागा भरलेली होती.

रोज रांग ऐन भरात आली की मशीन बसायची. बंद करून चालू केली की थोडा वेळ चालायची, परत बसायची. गावानं निकाल लावला : पोरगं मुद्दाम बंद पाडतंय, पाणी मोहनरावांच्या मोसंबीला जातंय. तिथंच रांगेतल्या बद्रीनाथचा तो कोपर बसला. वर बद्रीनाथ म्हणाला, "उद्या बसली तर कोठडीसकट पेटवीन बे तुला." आणि बद्रीनाथ शब्दाचा पक्का, हीच पंचाईत होती.

मशीनची मेमरी कुणीतरी खात होतं, एवढं उत्तरेश्वरला दिसत होतं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा पाटकरी. ज्याला लागेल त्याला मेमरीची पाळी देणारा. घेतलेली परत आली नाही की शेवटी सगळं कोरडं. मेमरीचा हिशेब दाखवणारं स्लॅबटॉप लावलं की आकडा चढताना दिसे, पण घेणारा कोण ते कळत नव्हतं. ते सांगतं केमेमलीक नावाचं हत्यार. ते सगळी मेमरी चाळतं, ज्या तुकड्याला आता धनी उरला नाही तो हुडकतं, आणि तो कुठल्या वाटेनं मागून नेला होता ते दाखवतं. उत्तरेश्वर एकटा कार्ड टेकवून आठवडाभर तपासत होता, काहीच गळत नव्हतं. गळती रांगेतच व्हायची. म्हणजे तपासणी रांगेतच करायची, आणि मशीन चालू ठेवून. रीस्टार्ट केलं की मेमरी पुसली, सोबत पुरावाही.

दुसऱ्या दिवशी मशीन वेळेवर बसली. मेमरी संपली म्हणून कर्नलनं नळाचा प्रोग्रामच मारून टाकला. उत्तरेश्वरनं कडी लावली आणि केमेमलीकची चाळणी सुरू केली.

"बंद करून चालू कर बे!" बाहेरून दारावर लाथ.

"थांबा वाईच. चालू केली की गेलं सगळं."

"काय गेलं? मोसंबी?"

फोनवर मोहनराव, "आरं कर की चालू. फुकट मार खाऊ नको."

बिजागरी तुटली. बद्रीनाथच्या एका हातात लोखंडी पाइप, दुसऱ्यात रॉकेलचा कॅन. उत्तरेश्वर कीबोर्डवर पालथा पडला. पहिला पाइप पाठीत, दुसरा खांद्यावर. कुणीतरी बोटांवर वहाण रगडली; करंगळी मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. कुणी केस धरून डोकं उचललं आणि टेबलाच्या कडेवर आपटलं. दुसरा दात तिथं पडला. शर्टावर रॉकेल ओतलं गेलं तेव्हा पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. एकाच वाटेच्या, ढिगानं. कार्डाची डबी.

"टेकवताय..." तो रक्त थुंकत म्हणाला. "एक वाचणं चालू हाय तवर दुसऱ्यांदा टेकवलं, की डबी चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम घेतलेली मेमरी परत देत न्हाई. कोण टेकवतंय दोनदा?"

दारात भिवराबाई उभी होती, कडेवर रिकामा हंडा.

"मी पाचदा टेकवते," ती म्हणाली. "जास्ती पाणी येतं की. समदेच टेकवत्यात."

"पाच काय न् पन्नास काय, हंडाभरच येतं, मावशे."

"मंग आदी कावून सांगितलं न्हाईस?"

उत्तरेश्वरनं रीस्टार्ट केलं, बद्रीनाथला पडद्यासमोर बसवलं आणि भिवराबाईला टेकवायला लावलं. एकदा टेकवलं, आकडा जागेवर. मग तिनं पटापटा टेकवलं. आकडा वर. बद्रीनाथनं पुन्हा टेकवायला लावलं. पुन्हा वर. काडीपेटी खिशात गेली. राग मात्र कुठं जाणार? बाहेर पहिला उभा होता आसाराम, गरीब माणूस. त्यानं सवयीनं कार्ड दोनदा टेकवलं. बद्रीनाथनं हंडा उचलला आणि त्याच्या कानशिलात घातला. आसाराम चिखलात पडला तर मागच्यांनी लाथांनी तुडवला. कान फाटला, ऐकू येणं कायमचं गेलं.

त्या दिवशी मशीन संध्याकाळपर्यंत बसली नाही.

आठवड्यानं, करंगळीला खपची बांधून, उत्तरेश्वरनं ड्रायव्हर दुरुस्त केला. चूक एका ओळीची होती. भिंतीवर खडूनं लिहिलं, 'कितीही वेळा टेकवा.' चेअरमननं लिहायला लावलं असणार, असं गावानं ठरवलं. रांगेत कुणाचा हात दुसऱ्यांदा डबीकडं गेला की मागून पाठीत बुक्की बसायची. बायकांतही झिंज्या उपटल्या जायच्या.

"आरं चालतंय आता! मारू नका!" उत्तरेश्वर मोडक्या दारातून ओरडायचा.

"तू गप बस बे," बद्रीनाथ म्हणायचा. "तूच सांगितलंस की."